आधी घरचा सातबारा

"काका, साठ हजार साठवलेत. देवगडच्या बाजूला दोन गुंठे घेऊन ठेवू का?" अकरावी-बारावीतली मुलं हल्ली मला हे वरचेवर विचारतात. मोबाईलवर समुद्र दिसणाऱ्या प्लॉटचे व्हिडिओ बघितलेले असतात. विचारतात याचा मला आनंदच आहे. आमच्या वयात जमिनीचं कोणी बोलायचंच नाही, ते मोठ्यांचं काम.

तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. अठरा पूर्ण होईपर्यंत तुम्हाला स्वतः करार करता येत नाही. १८७२ चा करार कायदा तसं सांगतो, आणि अज्ञानाने, म्हणजे अठरा पूर्ण न झालेल्याने, केलेला करार मुळातच रद्दबातल, हे १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वांत वरच्या न्यायालयाने, ठरवून टाकलं. पालकामार्फत जमीन तुमच्या नावावर होऊ शकते. पण मग ती विकायची झाली, तर पालकाला न्यायालयाची परवानगी लागते. शिवाय शेतजमिनीचे दोनच गुंठे म्हटलं की १९४७ चा तुकडेबंदी कायदा आडवा येतो.

म्हणून मी उलट विचारतो, "घरचा सातबारा बघितलास का?"

बहुतेकांनी बघितलेला नसतो. मीही बघितला नव्हता. माझे वडील गेले तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. वारस तपास झाला आणि सातबाऱ्यावर माझं नाव लागलं, पुढे तीन अक्षरं: अ.पा.क. अज्ञान पालनकर्ता, म्हणजे आई. ही अक्षरं कसली, हे मला विसाव्या वर्षी कळलं, तेही दुसऱ्याच्या सातबाऱ्यावरून.

झालं असं की मुंबईत पहिली नोकरी लागली आणि एका दलालाने रत्नागिरीजवळची दहा गुंठे जागा दाखवली. मे महिना, कोरडा कातळ, खाली निळा समुद्र. मी चाळीस हजारांचा विसार दिला. मग सातबारा हातात आला. सामायिकात सतरा नावं, त्यांतली दोन अ.पा.क., आणि इतर हक्कात एका कुळाचं, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याचं, नाव. दलाल म्हणाला, होऊन जाईल. नाही झालं. सतरा जणांतले नऊ मुंबईत, एक जण कुठे आहे हे घरच्यांनाही ठाऊक नव्हतं. दोन वर्षं फेऱ्या मारून निम्मे पैसे परत मिळाले.

त्या पावसात आजी म्हणाली होती, "जमीन मिरगात बघूची रे, मे महिन्यात नाय." जुलैत तिथे गेलो तर पाणंदीतून गुडघाभर पाणी वाहत होतं. आजही मी कोणतीही जागा पावसात बघितल्याशिवाय मत देत नाही. वाट कागदावर आहे की नुसती वहिवाटीची, भरतीरेषा कुठवर येते, हे तेव्हाच विचारायला सुचतं. किनाऱ्यालगत सीआरझेडची, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राची, बांधकामावरची बंधनं १९९१ पासून आहेत. अंतरं बदलत गेली, बंधनं राहिली.

आता घरच्या सातबाऱ्याकडे परत येतो, कारण मला सर्वांत कळकळीने सांगायचंय ते हेच. कूळकायद्याच्या कलम ६३ मुळे महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. तुमच्या घरची हलकी वरकस जमीन, आंब्याची चार कलमं, पडलेला दगडी गडगा, यांना बाजारभाव नसेल, पण त्यावरचं तुमचं नाव म्हणजे तुम्ही शेतकरी असल्याचा पुरावा. उद्या घरच्यांनी सगळंच विकलं तर हा हक्क पैसे देऊन परत मिळत नाही. आणि पणजोबांचंच नाव अजून सातबाऱ्यावर असेल, तर आज हयात असलेल्या आत्या-काकांकडून वंशावळ लिहून घ्या. दहा वर्षांनी ती सांगणारं माणूस नसेल.

साठ हजार सध्या बँकेत राहू देत. अठरा पूर्ण झाल्यावर इमारतींच्या भाड्यातला वाटा हवा असेल तर आरईआयटी आहेत, म्हणजे अनेकांचे पैसे एकत्र करून भाड्याच्या इमारतींत गुंतवणारे ट्रस्ट. भारतात पहिली २०१९ साली शेअर बाजारात आली, आणि २०२१ पासून एक युनिटही घेता येतं. भाव तिथेही खाली-वर होतात, पण सतरा सह्या गोळा कराव्या लागत नाहीत.

गेल्या आठवड्यात विचारणाऱ्या मुलीला मी सातबारा, आठ-अ (खात्यावरच्या सगळ्या जमिनींचा उतारा) आणि जुने फेरफार (नावं बदलल्याच्या नोंदी) काढून आणायला सांगितलंय. रविवारी ती येणार आहे, सोबत तिची आजीही. आजीला सगळ्या हद्दी पाठ आहेत म्हणे.