आमची वाटचाल: झेब्राच्या पाटीवरचं नाव

झेब्रा म्हणजे पांढऱ्या पट्ट्यांचं, जाड पानांचं छोटं कुंडीतलं रोप. सुरुवातीला नर्सरीतल्या सगळ्या पट्टेदार झेब्रांना आम्ही एकच पाटी लावायचो, हॉवर्थिया फॅसिएटा. घाऊक माल याच नावाने येतो आणि गिऱ्हाईकही तेच मागतं. प्रत्यक्षात बाजारातला जवळजवळ सगळा झेब्रा अटेन्युएटा या दुसऱ्या जातीचा असतो. दोन्ही जाती दक्षिण आफ्रिकेतल्या ईस्टर्न केप प्रांतातल्या. २०१३ पासून त्यांच्या नावाचा पहिला भाग बदलून हॉवर्थिऑप्सिस झाला, पण पाटीवर जुनं हॉवर्थिया राहिलं तरी आम्ही ते खोडत बसत नाही. जात मात्र बरोबर हवी.

ओळखायला पानाचं पोट बघावं लागतं, पाठीवर पांढऱ्या पुटकुळ्या दोघांच्याही असतात. रोपाच्या मध्याकडे वळलेल्या बाजूवरून बोट फिरवा. गुळगुळीत लागली तर फॅसिएटा, खरखरीत लागली तर अटेन्युएटा. या बाजूच्या पुटकुळ्या कधी इतक्या बारीक असतात की नुसत्या नजरेला दिसत नाहीत, म्हणून बोटच लावायचं. तरीही शंका राहिली तर खालचं एक ताजं पान मोडतो. फॅसिएटाचं पान चिवट, त्याचे धागे ओढले जातात.

खरी गंमत अटेन्युएटाच्या आतच आहे. कुणाच्या पुटकुळ्या जुळून रुंद पट्टे होतात, कुणाचे ठिपके सुटे राहतात. रॅड्युला प्रकारात ते रव्यासारखे बारीक आणि दाट, पान लांब निमुळतं. पण उन्हाने सगळं बदलतं. कडक उन्हात पान तांबूस होऊन आखडतं, सावलीत लांबतं आणि पट्टे विरळ दिसतात. म्हणून नवा माल ५० टक्के शेडनेटखाली तीन-चार महिने वाढल्याशिवाय आम्ही प्रकार ठरवत नाही. आवडलेला पट्टा टिकवायचा तर रोपाच्या बुडाशी फुटणारी पिल्लंच काढायची. बियांच्या रोपांत तो तसाच येईल याची खात्री नाही. प्रत्येक मातृरोपाला नंबर देतो आणि पिल्लांच्या पाटीवर तोच लिहितो, पेन्सिलीने. मार्करची शाई उन्हात उडते. दुसरी पाटी मातीत पुरून ठेवतो, कारण वरची कुणीतरी हमखास उपसतं.

पावसाळ्यात रोपं जातात ती बहुतेक मुळाभोवतीच्या कोकोपीटमुळे, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशामुळे. वरून माती सुकी दिसते, आत गोळा ओलाच. मधलं पान अलगद ओढल्यावर हातात आलं की समजा गाभा सडला. त्यामुळे माल आला की गोळा धुऊन काढतो, काळी मुळं छाटतो, रोप चार दिवस सावलीत उघडं सुकवतो. मग एक भाग पानखत, दोन भाग ३ ते ५ मिलिमीटरचे विटेचे तुकडे, एक भाग धुतलेली जाड वाळू. विटेचा भुगा मात्र चाळून टाकायचा, तो खाली बसून भोकं बुजवतो. कुंडी तीन इंची पुरते, पहिलं पाणी आठवड्याने.

गिऱ्हाईक अजून फॅसिएटाच मागतं. आम्ही मोठ्या अक्षरात झेब्रा, खाली अटेन्युएटा आणि नंबर लिहून देतो. कुणी हुज्जत घातली तर त्याचं बोट पानावर ठेवायला सांगतो.