अळणी भाजी आणि छडी

‘छडी लागे छम छम’ हे गाणं सानेगुरुजींच्या ‘श्यामची आई’ पुस्तकात कितव्या रात्री येतं, असं चारचौघांत विचारून बघा. कुणी तरी छातीठोकपणे ‘सुरुवातीलाच की’ म्हणतं. आमच्या एका मावशीने तर पैज लावली होती. पुस्तकात रात्री, म्हणजे प्रकरणं, बेचाळीस आणि त्यातल्या एकीतही ही छडी नाही. ती आचार्य अत्र्यांची. १९५३ साली त्यांनी सिनेमा काढला, गाणं लिहिलं, वसंत देसायांनी चाल लावली आणि महाराष्ट्राने ते परस्पर सानेगुरुजींच्या नावावर जमा करून टाकलं.

जोडी तरी काय जमली! एक नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत पुस्तकाचा मोठा भाग डोळे पुसत लिहून काढणारा, दुसरा ‘झेंडूची फुलं’मधल्या विडंबन कवितांवाला, सभा हसवून हसवून लोळवणारा. गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे त्यांनी हा सिनेमा पाहिला नाही. देशातलं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक त्याला मिळालं, तेही त्यांच्या माघारी. त्यांना तो आवडला असता का? आईला पाहून ते रडले असते, यात शंका नाही. छडीचं मात्र सांगता येत नाही.

पुस्तक आणि सिनेमा यांतला खरा फरक गाण्यांचा नाहीच, तो सांगणाऱ्याचा आहे. पुस्तकात आई आपल्याला थेट भेटत नाही. आश्रमात संध्याकाळची प्रार्थना झाली की मोठा झालेला श्याम मित्रांना तिच्याविषयी सांगतो, आणि त्याचा कंठ वारंवार दाटून येतो. म्हणजे आई दिसते ती कायम त्याच्या पाण्याने भरलेल्या डोळ्यांतून. सिनेमात तो आडपडदा नाही. समोर आईच्या भूमिकेतली, नऊवारीतली वनमाला उभी राहते आणि मग लक्षात येतं, अरे, ही बाई चांगली कडक आहे!

पोहण्याचा प्रसंगच घ्या. श्याम विहिरीत उतरायला घाबरतो, माळ्यावर लपून बसतो. आई शिंपटी घेऊन येते आणि झोडत त्याला घराबाहेर काढते. आपल्या पोराला कुणी भित्रा म्हणू नये, एवढंच तिचं म्हणणं. पुस्तकात हे वाचताना आपणही माळ्यावरच असतो, श्यामच्या पोटातला गोळा आपल्या पोटात. नंतर त्याच आईने प्रेमाने पुढे केलेलं दही आपल्यालाही गोड लागतं. सिनेमात आपण अंगणात असतो आणि नजर आईच्या चेहऱ्यावर. मारताना ती स्वतःच किती कासावीस आहे, ते तिथे दिसतं. गंमत म्हणजे ही वनमाला ग्वाल्हेरची, १९४१ च्या ‘सिकंदर’ची देखणी नायिका. कोकणातल्या कर्जबाजारी घरातली यशोदा म्हणून तिला उभी करायची, ही अत्र्यांची छाती.

माधव वझ्यांचा श्यामही पुस्तकातल्यापेक्षा खट्याळ आहे. पुस्तकातला श्याम मोठेपणी पश्चात्ताप करून झालेला असतो, त्याचा हट्टसुद्धा माफी मागितल्यासारखा येतो. पडद्यावरचा पोरगा तेव्हाच हट्ट करत असतो. अंघोळीनंतर ओल्या पायांना माती लागू नये म्हणून आईला पदर पसरायला लावणारं पोर असंच असणार. २०२३ मध्ये सुजय डहाकेंनी कृष्णधवल रंगांत पुन्हा एक ‘श्यामची आई’ केला, त्यात ओम भुतकरचे गुरुजीच भाव खाऊन जातात. तो चांगलाय, पण माझ्या डोक्यातली आई वनमालाच, ती काही जागा सोडत नाही.

कॅमेऱ्याला अवघड जाईल असं पुस्तकात बरंच आहे. त्यातली ‘अळणी भाजी’ माझी सगळ्यांत आवडती. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील काही न बोलता मिटक्या मारत जेवतात, म्हणून मुलंही गप्प राहतात. आई शेवटी जेवायला बसते तेव्हा पहिल्याच घासाला तिला कळतं, आणि ती हळहळते. बस, एवढंच घडतं. कुणी ओरडत नाही, कुणी रडत नाही आणि चव तर पडद्यावर दिसतच नाही. मग श्याम विचारतो, जिभेवर ताबा ठेवणारे वडील थोर, की स्वतःच्या चुकीने हळहळणारी आई थोर?

भाच्यांना वाचून दाखवताना श्यामची प्रवचनं मी बिनदिक्कत गाळते. अत्र्यांनी कात्री चालवली, मग मी का नाही? पण या प्रश्नावर हात आखडतो. तो मी परवा पूर्ण वाचला. धाकटीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “पण बाबांनी मीठ मागितलं असतं, तर आईला गरम भाजीत घालता आलं असतं ना?” तिच्या आईने लगेच तिची बाजू घेतली, बाबाने श्यामच्या वडिलांची, आणि पुढची रात्र वाचायची राहून गेली.