सहावं घर

पुण्यातल्या घरकामगार बायका संघटित होत होत्या, त्या काळात दीपा धनराज यांच्या ‘युगांतर’ गटानं त्यांच्यासोबत ‘मोलकरीण’ हा माहितीपट केला. साल १९८१. तो पाहिल्यापासून माझ्या डोक्यात एकच होतं, आजच्या बायकांशी आपण बोलावं. आमच्या भागात काम करणाऱ्या तिघी तयार झाल्या. माझ्याकडे मोबाइल, ट्रायपॉड आणि कॉलरला लावायचा माइक एवढंच सामान.

अडलं ते कामाच्या घरांपाशी. एकाही घरानं आत कॅमेरा येऊ दिला नाही. कुणाचं घर पसरलेलं होतं, तर कुणी सरळ म्हणालं, “तिला उगाच डोक्यावर चढवू नका.” दोन आठवडे मी जिने, गेट आणि दाराबाहेर काढलेल्या चपला टिपत राहिले. धुणंभांडी करणाऱ्या बायकांची फिल्म होती आणि तिच्यात एक भांडं नव्हतं.

वाट काढली ती तिघींतल्या एका मावशींनी. “माझ्या घरी ये की. तिथं कोण अडवतंय?” पाच घरं उरकून त्या अडीच वाजता परतल्या, पदर खोचला आणि मोरीत सकाळची खरकटी भांडी घेऊन बसल्या. मला वाटलं, माझ्यासाठी करून दाखवताहेत. भांडी झाली, मग पाणी भरलं, मग सुनेच्या बाळाचे कपडे धुतले. माझी बॅटरी संपली तरी त्यांचं चालूच होतं. हे त्यांचं रोजचं सहावं घर. फिल्मला नाव तिथंच मिळालं.

अकरा तासांच्या चित्रीकरणातून सतरा मिनिटं काढायला तीन महिने लागले. बोलणं शब्दन्‌शब्द लिहून काढणं सगळ्यात वेळखाऊ, पण ते टाळू नये. संकलन खरं तर त्या वहीतच होतं. ओळखीतल्या एकानं बासरी घालायला सुचवलं होतं. मी नाही घातली. भांड्यांचा आवाज पुरेसा होता. एका ताईंच्या मागे इमारतीच्या नावाची पाटी दिसत होती. “माझं काम जाईल गं,” त्या म्हणाल्या. माझा सगळ्यात आवडता शॉट होता तो, आणि तो काढून टाकताना मी एका शब्दानंही वाद घातला नाही. तो शॉट माझा असला तरी नोकरी त्यांची होती.

पहिल्यांदा फिल्म दाखवली ती त्यांच्याच वस्तीतल्या समाजमंदिरात, रविवारी दुपारी. पस्तीसेक बायका आल्या होत्या. नवव्या मिनिटाला पडद्यावरच्या ताई खाड्याचे पैसे कापल्याचं सांगतात. मागून आवाज आला, “थांबव जरा.” थांबवलं. तुझ्याकडे महिन्याला किती सुट्ट्या, तुझे किती कापतात, दिवाळीचा बोनस किती, अशी विचारपूस सुरू झाली. एकीनं माझ्याच वहीचं पान मागून घेतलं आणि प्रत्येकीचा दर लिहायला बसली. अंधार पडला तरी बोलणं संपेना. उरलेली आठ मिनिटं आम्ही पुढच्या रविवारी पाहिली.