रंगपटातला आरसा

वेंगुर्ला, २८ नोव्हेंबर, सकाळ

जत्रेतून आत्ता आलो. झोप येणार नाही, म्हणून लिहायला बसलो.

मामा काल द्रौपदी होता. वय ६१, गुडघे दुखतात. पण पेटाऱ्यावर आरसा टेकवून रंगायला बसला की त्याच्याशी कुणी बोलायचं नसतं, मीसुद्धा नाही. सफेदा, कुंकू, काजळ, सगळं स्वतःच्या हाताने. दशावतारात संवादही कुणी लिहून देत नाही. चार वर्षं मी हे शूट करतोय, नेहमी त्याच्या खांद्यामागून. काल कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही. डोक्यात ली बावरी होता.

मेलबर्नच्या सनशाइन उपनगरात १९६१ मध्ये जन्मलेला हा पोरगा लंडनला गेला. स्वतःचे अचाट वेश शिवले, १९८५ मध्ये टॅबू नावाचा क्लब सुरू केला, मायकेल क्लार्कच्या नृत्यांसाठी कपडे केले, मिंटी हा बँड काढला, चित्रकार लुशियन फ्रॉइडच्या चित्रांसाठी विवस्त्र बसला. यातलं कुठलं काम कला आणि कुठलं नाही, असा हिशोब त्याने ठेवलाच नाही. मला तो त्यासाठीच आवडतो. १९८८ मध्ये अँथनी डॉफे गॅलरीत तो पाच दिवस एकतर्फी आरशामागे होता. लोकांना तो दिसायचा, त्याला फक्त स्वतःचं प्रतिबिंब. सोबत रस्त्यावरच्या रहदारीचा रेकॉर्ड केलेला आवाज. १९९४ च्या ३१ डिसेंबरला एड्समुळे गेला. ३३ वर्षांचा होता. मी यंदा ३३ चा झालो.

मे महिन्यात त्याचं हे काम मामाला मोबाइलवर दाखवलं होतं. बराच वेळ बघून म्हणाला, “ह्येका म्हायत आसा रे. आरशात माका मी दिसाक नको, ती दिसाक व्हयी.”

मामा पदर सावरतो तेव्हा अख्खा गाव डोळे भरून बघतो. मी काजळ घालून बाजारात गेलो, तर दुकानदाराने सुटे पैसे माझ्या हातात न देता फळीवर ठेवले. ते अजून विसरता येत नाही. ६ सप्टेंबर २०१८ ला कलम ३७७ चा निकाल लागला, समलैंगिक संबंध गुन्हा राहिले नाहीत, त्या रात्री मामाचा फोन आला होता. “जेवलंस?” एवढंच विचारलं. मी खूप रडलो.

आज पहाटे खेळाच्या शेवटी दहीहंडी फुटली, लोक पांगले. मामा खोबरेल लावून रंग उतरवायला बसला. पेटारा बांधून झाला होता, म्हणून आरसा माझ्या हातात दिला. “धर जरा.” मी समोर बसून धरला. चार वर्षांत पहिल्यांदा त्याचा चेहरा आरशाच्या जागेवरून बघितला. तो माझ्याकडे बघत होता, पण मी त्याला दिसत नव्हतो. अर्ध्या गालावर द्रौपदी होती अजून. देवळामागे जनरेटरची घरघर चालू होती.

कॅमेरा तिथे हवा. काचेमागे. आवाज त्या जनरेटरचा, मृदंग नको.

दुपारी मामा उठला की विचारतो. हो म्हणाला तर सोमवारी कुडाळला काचवाल्याकडे.