52 मिनिटांची फेरी

बस चालवायला लागून मला 17 वर्षं झाली. मी तापट आहे असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. त्यामुळे मागून सारखा हॉर्न मारणाऱ्या एका दुचाकीवाल्याशी भांडायला मी सिग्नलवर हँडब्रेक ओढून खाली उतरलो, तेव्हा आमचे मास्तर, म्हणजे कंडक्टर, घाबरूनच गेले. दंडाला धरून त्यांनी मला परत वर चढवलं. गाडीत साठेक माणसं होती, सगळी चिडीचूप. हात थरथरत होते, तरी डोक्यात हिशेब चालूच होता: तीन मिनिटं गेली.

त्याच महिन्यात वार्षिक तपासणी होती. रक्तदाब 154/98. डॉक्टरबाईंनी दहा मिनिटं बसवून पुन्हा मोजला, फारसा उतरला नाही. मी नेहमीचं उत्तर दिलं, ट्रॅफिकचं टेन्शन. त्या म्हणाल्या, "ट्रॅफिक सगळ्यांनाच असतं. तुम्हाला नेमका त्रास कशाचा होतो?" मला सांगता येईना. मग त्यांनी झोपेची एक प्रश्नावली भरून घेतली. एपवर्थ स्केल म्हणतात तिला. वाचताना, टीव्ही बघताना, दुपारी आडवं पडल्यावर डोळा लागण्याची शक्यता किती, असे आठ प्रश्न आणि प्रत्येकाला 0 ते 3 गुण. 10 च्या वर गेलं की दिवसाची झोप जास्त धरतात. माझे 13 भरले. मी ते हसण्यावारी नेलं, पण त्या हसल्या नाहीत. ताशी 50 च्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ 14 मीटर जाते, डोळा तीन सेकंद मिटला तर किती होतात ते तुम्हीच मोजा, म्हणाल्या.

गोळी सुरू झाली. शिवाय महिनाभर ड्यूटीची वही ठेवायला सांगितली. निघता निघता त्यांनी एक जुनी गोष्ट सांगितली. 1953 मध्ये जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या बस कर्मचाऱ्यांचा अभ्यास छापला होता. गाड्या दुमजली. चालक दिवसभर बसून, कंडक्टर जिन्यावर सारखा वरखाली. हृदयविकार चालकांमध्ये जास्त निघाला. मास्तरांना हे सांगितलं तेव्हा ते खूश झाले. मला मात्र वाटत राहिलं की फरक नुसत्या बसण्याचा नसावा. आमच्याकडे गाडी लेट झाली की मेमो चालकाच्या नावाने निघतो. पुढे याच्याशी जुळणारं एक नाव मला कळलं, कामाच्या ताणाचा अभ्यास करणारे रॉबर्ट कारासेक. कामाची मागणी मोठी आणि ते कसं करायचं यावर आपला ताबा कमी, ही जोडी माणसाला सगळ्यात जास्त पिळते, अशी मांडणी त्यांनी 1979 मध्ये केली. आमचं स्टिअरिंग आमच्या हातात, बाकी काहीच नाही.

वहीचा पहिला आठवडा वाया गेला. "डोकं उठलं", "कंट्रोलर वाट्टेल ते बोलला", असलंच लिहिलं होतं. वाचून मलाच कंटाळा आला. मग सरळ रकाने आखले: सुटण्याची वेळ, पोचण्याची वेळ, टर्मिनसवर किती थांबलो, पाणी किती प्यायलो, लघवीला गेलो की नाही. शेवटचा रकाना लिहायला लाज वाटायची, आणि नेमका तोच कामाला आला.

कागदावर आमच्या फेरीला 52 मिनिटं होती आणि टर्मिनसवर सहा मिनिटांचा थांबा. सकाळी मी 46 ते 49 मिनिटांत पोचत होतो, वेळ काढायला मधल्या स्टॉपवर रेंगाळत होतो. संध्याकाळी 61 ते 68 लागत होती. म्हणजे टर्मिनसला पोचेपर्यंत थांबा आधीच संपलेला, वर काही मिनिटांचं देणं. स्वच्छतागृह कंट्रोल केबिनच्या मागे, दीडशे पावलांवर. जायचं तर पुढची फेरी आणखी लेट. मग शरीर आपलं आपण शहाणं होतं. दुपारी तीननंतरचा पाण्याचा रकाना सलग 19 दिवस कोरा होता. बाटली भरलेलीच घरी परत येते हे बायकोला केव्हाच माहीत होतं. "अहो, जेवताना पण तुमचा उजवा पाय ब्रेक दाबत असतो," असंही तिने सांगितलं होतं. मी लक्ष दिलं नव्हतं.

काम नकोसं झालं होतं असं मात्र नाही. उभ्या म्हातारीचा तोल जाऊ न देता गिअर बदलायचा, भरलेली गाडी स्टॉपच्या कडेला अशी लावायची की पायरी आणि फुटपाथमध्ये फट राहू नये, यात मला आजही मजा येते. लेट झालो की पहिली हीच कामं सुटतात. डबल बेल पुरी वाजायच्या आत क्लच सोडतो माणूस.

वही घेऊन आधी कंट्रोलरकडे गेलो. "सगळेच चालवतात, तुम्हालाच काय होतं?" प्रश्न बरोबर होता. म्हणून त्याच मार्गावरच्या आणखी तिघांना तेच रकाने भरायला लावले. चौथ्याने नकार दिला. नोकरीत नवा आहे, मी आग्रह केला नाही. युनियनच्या ऑफिसातून आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1979 च्या 153 क्रमांकाच्या कराराची प्रत मिळाली: सलग चार तासांपेक्षा जास्त गाडी चालवायची नाही, दिवसाला नऊ तासांची मर्यादा, दोन कामांच्या मध्ये सलग दहा तास विश्रांती. तो आम्हाला लागू आहे का, यावर तिथेच तासभर वाद झाला. आम्ही तो अर्जाला जोडला, भर मात्र चार वह्यांच्या बेरजेवर ठेवला.

वेळापत्रक बघणारे साहेब तीन आठवड्यांनी एका संध्याकाळी स्वतः गाडीत चढले. पूर्ण फेरी माझ्यामागे उभे. 66 मिनिटं लागली. टर्मिनसला उतरल्या उतरल्या त्यांनी विचारलं, "इथे बाथरूम कुठे आहे?" मी केबिनच्या मागे बोट दाखवलं. ते परत येईपर्यंत गाडी आणखी पाच मिनिटं लेट झाली. तो मेमो मात्र आला नाही.

दीड महिन्याने बदल झाला. सकाळी 48, संध्याकाळी 63 मिनिटं, आणि संध्याकाळची एक फेरी कमी. फेरी गेल्यामुळे गर्दी वाढली, प्रवासी ते मास्तरांना ऐकवतात, म्हणजे माझा भार थोडा त्यांच्याकडे सरकला. तीन महिन्यांनी रक्तदाब 136/86 आला. त्यात गोळीचा वाटा किती आणि 63 मिनिटांचा किती, हे डॉक्टरबाईंनाही सांगता आलं नाही. एपवर्थचे गुण 13 वरून 11 वर आले.

ते 10 च्या खाली का येत नाहीत, ते मला माहीत आहे. आठवड्यातून एकदा रात्रीची शेवटची गाडी लावून दुसऱ्या दिवशी पहिली गाडी काढावी लागते. मध्ये साडेआठ तास, त्यातच जाणं, येणं, जेवण. याचा विषय काढला तर साहेब "बघू" म्हणाले. नवीन वही घेतली आहे. या वेळी रकाने दोनच: रात्री गाडी किती वाजता जमा केली, सकाळी किती वाजता सही केली. तो चौथा, नवा पोरगा, तोही लिहितोय.