उजवी हँडब्रेक केबल बदलून झाली

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की हँडब्रेक सोडला तरी उजवं मागचं चाक जड फिरतंय. गाडी चालवून आलं की त्या बाजूचा ड्रम (चाकाबरोबर फिरणारा ब्रेकचा गोल डबा) चांगलाच तापलेला असायचा, डावा जेमतेम कोमट. कारण सापडलं. केबलचं बाहेरचं आवरण एका ब्रॅकेटला घासून चिरलं होतं, आत पाणी जाऊन तार गंजली होती. लिव्हर ओढताना हाताचा जोर असतो, म्हणून गंजलेली तारही सरकते. परत यायला मात्र तिला ड्रममधल्या स्प्रिंगचाच आधार, आणि तो गंजापुढे कमी पडतो. म्हणून ब्रेक लागत होता, सुटत नव्हता.

या कामात हँडब्रेक सोडलेलाच लागतो. त्यामुळे पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडण्या लावल्या आणि गाडी स्टँडवर घेतली. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कोणीही जाऊ नका. लिव्हरजवळचा अ‍ॅडजस्टिंग नट पूर्ण सैल केला. ड्रम हलेना, पण त्यावर आटे पाडलेली दोन भोकं होती. त्यांत ८ मिमीचे बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळत गेल्यावर तो सुटून आला. आतली धूळ हवा मारून उडवली नाही, ती छातीत जाते. ब्रेक क्लीनरने भिजवून पुसून घेतली.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो केबलच्या क्लिपने. बॅकिंग प्लेटच्या, म्हणजे ड्रममागच्या न फिरणाऱ्या पत्र्याच्या, भोकात केबल स्प्रिंगच्या तीन जिभांवर अडकलेली असते आणि तिन्ही एकदम दाबल्याशिवाय ती बाहेर येत नाही. पकडीने एक दाबली की दुसरी उघडते. गंज सोडवायचं तेल मारून रात्रभर ठेवलं. सकाळी १३ चा रिंग पाना केबलच्या टोकावरून सरकवून जिभांवर दाबला, तिन्ही एकदम मिटल्या आणि केबल सुटली. हा उपाय प्रत्येकाने लक्षात ठेवावा असा आहे.

नवी केबल आधी जुनीशेजारी ठेवून लांबी जुळवली, कारण माझ्या गाडीत डावी-उजवी वेगळी आहे. टोकाची स्प्रिंग मागे दाबून धरत ते शूच्या (ड्रमला आतून दाबून थांबवणाऱ्या ब्रेकच्या पट्टीच्या) लिव्हरमध्ये अडकवलं.

आता अ‍ॅडजस्टमेंट, आणि इथे माझं मत ठाम आहे: आधी शू, मग केबल. वर्षभर मी हँडब्रेकची लिव्हर सैल वाटली की नट आवळत आलो. मुळात शू झिजून ड्रमपासून लांब गेले होते. केबल ताणून ठेवल्यामुळे शूची लिव्हर आपल्या जागी परत टेकत नव्हती, आणि ती टेकल्याशिवाय ऑटो-अ‍ॅडजस्टर (शू झिजले की त्यांना आपोआप ड्रमजवळ आणणारा भाग) काम करत नाही. म्हणजे नट आवळून मी झीज झाकत होतो. या वेळी अ‍ॅडजस्टरचं दातेरी चाक फिरवत ड्रम हलकासा घासेपर्यंत शू बाहेर घेतले, ड्रम चढवून पायाचा ब्रेक दहा-बारा वेळा दाबला आणि मगच नट आवळला.

पूर्वी हँडब्रेक लिव्हरच्या ११ टिकटिकींना धरायचा, आता ६ ला धरतो. सोडल्यावर चाक हाताने मोकळं फिरतं. दोन दिवस चालवून पाहिलं, दोन्ही ड्रम सारखेच कोमट.

डाव्या केबलचं आवरणही त्याच जागी घासलंय, अजून चिरलेलं नाही. तिच्या जागी घालायला नवी आणून ठेवली आहे, येत्या रविवारी तीही बदलतो.