विषय ठरला नव्हता, तरी निघालो: डरहॅम आणि ग्लासगोचे ओपन डे

लेकीला ब्रिटनमधल्या विद्यापीठांचे ओपन डे, म्हणजे प्रवेश घेऊ पाहणाऱ्या मुलांनी येऊन विद्यापीठ बघायचे दिवस, दाखवायला आम्ही निघालो होतो. डरहॅम स्टेशन येण्याआधी गाडी एका उंच पुलावरून जाते आणि खिडकीतून एकदम कॅथीड्रल आणि किल्ला दिसतो. वेअर नदीने तीन बाजूंनी वेढलेलं टेकाड, त्यावर १०९३ साली बांधायला घेतलेली ती दगडी वास्तू. लेकीने फोन खाली ठेवला. "आई, काय शिकायचं ते माहीत नाही, पण इथे राहायला मला आवडेल." मला आनंदही झाला आणि धास्तीही वाटली. गावाच्या प्रेमात पडून माणूस तीन वर्षांचा अभ्यासक्रम निवडून बसतो, हे मी पाहिलं आहे.

तिचे ए लेव्हलचे, म्हणजे विद्यापीठाआधीच्या शालान्त परीक्षेचे विषय जीवशास्त्र, गणित आणि इतिहास. तिन्ही आवडते, अडचण तीच. यूकॅसच्या, म्हणजे ब्रिटनमधल्या विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश अर्जात पाच पर्याय भरता येतात, पण स्वतःबद्दलचं निवेदन एकच, आणि तेच पाचही ठिकाणी जातं. इतिहासवाल्यांना आणि जीवशास्त्रवाल्यांना एकच मजकूर कसा पटवायचा? कित्येक रात्री ती याच विचारात जागी होती. ओपन डेच्या नोंदणीतही 'कोणत्या विषयात रस आहे?' हा रकाना होताच. तिने जीवशास्त्र निवडलं, निदान ते खोटं नव्हतं म्हणून.

सकाळचं जीवशास्त्राचं व्याख्यान चांगलं झालं. तिने वहीत दोन ओळी लिहिल्या आणि वही मिटली. पुढच्या कार्यक्रमाला पाऊण तास होता, म्हणून आम्ही शेजारच्या भूविज्ञान विभागात शिरलो. यादीत हा विभाग नव्हता. आत एक संशोधक विद्यार्थिनी टेबलावर खडकांचे तुकडे मांडून उभी होती. लेकीने एक तुकडा उचलला आणि सहज विचारलं, "डोंगर तयार होताना थर उलटेपालटे झाले, तर आधीचा कुठला आणि नंतरचा कुठला हे कळतं कसं?"

त्या मुलीचा चेहरा उजळला. तिने तो तुकडा आडवा धरला. वाळत गेलेल्या चिखलाला भेगा पडतात, त्या वर रुंद असतात आणि खाली निमुळत्या होत जातात. भेगेचं टोक आभाळाकडे असेल, तर थर उलटा झाला आहे. पाण्यातून गाळ खाली बसताना आधी जाड कण बसतात, मग बारीक. तीही खूणच. लेक म्हणाली, "म्हणजे साक्षीदार खरं बोलतोय का, हे तपासण्यासारखंच की!" इतिहासाच्या वर्गात ती हेच करते. दोघी अर्धा तास बोलत राहिल्या. वसतिगृह बघायची फेरी चुकली आणि मला तिचं जराही वाईट वाटलं नाही. निघताना त्या मुलीने 'नॅचरल सायन्सेस'बद्दल सांगितलं: एकाच पदवीत दोन-तीन शास्त्रं एकत्र घ्यायची.

मधे आणखी एका विद्यापीठात जाऊन आलो, त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. सभागृहात दीड तास पगाराचे आलेख दाखवले. दुसऱ्या वर्षात नेमकं काय शिकवतात हे लेकीने विचारलं, तर तिच्या हातात माहितीपुस्तिका दिली.

ग्लासगोला गेलो ते वेगळ्याच कारणासाठी. स्कॉटलंडमध्ये ऑनर्स पदवी साधारणपणे चार वर्षांची असते आणि सुरुवातीच्या वर्षांत मुख्य विषयाबरोबर इतरही विषय घेता येतात. ज्याचं ठरलेलं नाही त्याला त्यामुळे उसंत मिळते. मात्र बाहेरून येणाऱ्यांना त्या जादा वर्षाची फी आणि राहण्याचा खर्च पेलावा लागतो. तो हिशेब आम्ही गाडीतच मांडला, तिच्यासमोर.

विद्यापीठाची स्थापना १४५१ची. मुख्य इमारतीतल्या हंटेरियन संग्रहालयात वाफेच्या इंजिनाची एक छोटी प्रतिकृती आहे. ही न्यूकमेन इंजिनाची प्रतिकृती विद्यापीठाने १७६३च्या सुमारास दुरुस्तीला दिली होती, जेम्स वॉटकडे. तो तिथे उपकरणं बनवायचा. ती दुरुस्त करताना वाफ किती वाया जाते हे त्याच्या ध्यानात आलं. ॲडम स्मिथ याच विद्यापीठात १७५१ साली तर्कशास्त्राचा प्राध्यापक झाला, वर्षभरात नीतिशास्त्राकडे वळला, आणि आज जग त्याला अर्थशास्त्रासाठी ओळखतं. हे सगळं मी तिला बोलून दाखवलं नाही. ती स्वतःच त्या प्रतिकृतीपुढे बराच वेळ उभी होती.

पुरातत्त्व विभागात दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी भेटला. "गेल्या मंगळवारी दिवसभर काय केलंस?" हा लेकीचा प्रश्न. तो हसला आणि सांगू लागला: सकाळी मातीचे नमुने चाळले, दुपारी जुन्या परागकणांवरचं व्याख्यान, संध्याकाळी निबंध, तोही अर्धवट राहिलेला. माहितीपुस्तिकेच्या ऐंशी पानांनी जे सांगितलं नव्हतं, ते त्याच्या एका मंगळवारातून कळलं. ओपन डेला जाणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न विचारावा, आणि प्राध्यापकांपेक्षा विद्यार्थ्यांना विचारावा, असं मला मनापासून वाटतं.

परतीच्या गाडीत तिने वही उघडली. जीवशास्त्र खोडलं नाही, पण त्याच्यावर दोन नावं आली: भूविज्ञान आणि पुरातत्त्व. बाहेर अंधार पडला होता. तिने फोनवर डरहॅमच्या पुढच्या ओपन डेचा फॉर्म काढला. 'कोणत्या विषयात रस आहे?' या रकान्यापाशी तिचा अंगठा थांबला. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

"आई, यात दोन निवडता येतात गं," ती म्हणाली, आणि तिने दोन्ही निवडले.